आजींची वाकळ आणि कलेची व्याख्या

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी रेखा व रंगकलेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. सौंदर्यशास्त्राच्या विषयासाठी आम्हाला ‘माझ्या दृष्टीने कला म्हणजे काय’ यावर १५०० शब्दांचे व्यक्तिगत चिंतन लिहायचे आहे. मी माझ्या आजीच्या वाकळीबद्दल लिहायचे ठरवले होते. आमचे गाव माण तालुक्यात आहे. आजी जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या वाकळा शिवते. कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने ती आत आत येते आणि मध्यावर संपवते. आजोबा गेल्यानंतर तिने जी वाकळ शिवली, तिच्या वरच्या थरात गर्द हिरव्या आणि लाल पट्ट्या आहेत आणि त्यांत एकच फिकट पिवळा तुकडा आहे. तो आधी मध्यावर होता; आजीने तो उसवून कोपऱ्याकडे नेला. आतल्या थरात आजोबांचे धोतर आहे, ते बाहेरून दिसत नाही.

हा विषय वर्गात मांडल्यावर एका शिक्षकांनी सांगितले की ही कारागिरी आहे, कला नव्हे, कारण वाकळ पांघरण्यासाठी असते आणि आजीला काही व्यक्त करायचे नव्हते. एक मित्र म्हणाला की मूत्रपात्र कला ठरू शकते तर काहीही कलाच असते, मग व्याख्या हवी कशाला. मी आजीला विचारले तर ती म्हणाली, ‘कला कसली घेऊन बसलीस, थंडी वाजती म्हणून शिवती.’ तेव्हापासून मला काही लिहिता येईनासे झाले आहे. ही वाकळ वर्षअखेरच्या प्रदर्शनात मांडावी असे मनात आहे, पण ते योग्य ठरेल का, हेही कळत नाही. आणि खरे सांगायचे तर, माझी स्वतःची चित्रे मला त्या वाकळीपुढे निर्जीव वाटू लागली आहेत.

– एक विद्यार्थिनी

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे पत्र वाचताना एक गोष्ट प्रथम जाणवली. वाकळीबद्दल तू जे लिहिले आहेस ते नेमके आहे, डोळ्यांनी पाहून लिहिलेले आहे. कलेबद्दल जे लिहिले आहेस ते सगळे इतरांचे आहे आणि त्यातले कोणतेही वाक्य तुला पुरते पटलेले नाही. असे असताना तू वाकळीला आरोपीच्या जागी उभे केले आहेस आणि व्याख्यांना न्यायाधीशाच्या. माझा सल्ला असा की ही मांडणी बदलावी. वाकळ तुझ्या हातात आहे, तिच्याविषयी तुला खात्री आहे. व्याख्या मात्र तपासून घ्यायच्या आहेत. म्हणून प्रत्येक व्याख्या वाकळीजवळ आणावी आणि तिच्यामुळे या वस्तूतले काय दिसू लागते व काय तिला दिसतच नाही, हे नोंदवावे. निबंध तुलाच लिहायचा आहे, परंतु ही पद्धत कशी चालते हे मी थोड्या विस्ताराने दाखवतो.

आधी एक गोष्ट लक्षात घे. कलेची व्याख्या बहुधा कोणाला तरी काहीतरी ठरवायचे असते म्हणून मागितली जाते, आणि काय ठरवायचे आहे यावर तिचे स्वरूप अवलंबून राहते. याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कच्या बंदरातले आहे. पॅरिसमध्ये राहणारे रुमानियन शिल्पकार कॉन्स्टन्टिन ब्रांकुसी यांचे ‘अवकाशातील पक्षी’ हे ब्राँझचे शिल्प १९२६ मध्ये तेथे उतरले. मूळ कलाकृतींवर अमेरिकेत आयातकर नव्हता. पण या उंच, निमुळत्या, लखलखीत आकाराला ना चोच होती ना पंख, त्यामुळे जकात अधिकाऱ्यांनी त्याला स्वयंपाकघरातली भांडी आणि रुग्णालयातले साहित्य यांच्या वर्गात बसवून ४० टक्के कर आकारला. प्रकरण न्यायालयात गेले. दशकभरापूर्वीच्या एका निकालात शिल्प म्हणजे निसर्गातील वस्तूंचे, मुख्यतः मानवी देहाचे, अनुकरण असे धरले गेले होते, आणि त्या कसोटीवर हा पक्षी टिकणारा नव्हता. तरीही नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुसींच्या बाजूने लागला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की अमूर्त कल्पनांना रूप देऊ पाहणारी एक नवी कलापद्धती उदयाला आली आहे, आपल्याला तिच्याविषयी आस्था असो वा नसो, तिचे अस्तित्व आणि कलाविश्वावरील तिचा प्रभाव या वस्तुस्थितीची दखल घेतलीच पाहिजे. वस्तूपुढे व्याख्येला माघार घ्यावी लागली, आणि तीही न्यायालयात, शपथेवरच्या साक्षी होऊन.

पण या निकालाची दुसरी बाजूही तू पाहावीस, कारण ती तुझ्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. ते शिल्प करमुक्त ठरले यामागे ते व्यावसायिक शिल्पकाराने घडवलेले आहे आणि त्याचा काही व्यावहारिक उपयोग नाही, ही कारणेही होती. म्हणजे ज्या कायद्याने ब्रांकुसींच्या पक्ष्याला कलेच्या दालनात घेतले, त्याच कायद्याने तुझ्या आजींची वाकळ दोन्ही कारणांनी बाहेर ठेवली असती. अनुकरणाची अट गेली, उपयोगाची अट राहिली. व्याख्या रुंदावली तरी तिची एक भिंत तशीच उभी होती, आणि तुझ्या शिक्षकांनी जो मुद्दा मांडला तो याच भिंतीचा आहे.

शिक्षकांच्या त्या मुद्द्याला हलके समजू नकोस. त्याला मोठी परंपरा आहे. फ्रान्समध्ये १७४६ मध्ये तत्त्वचिंतक शार्ल बातो यांनी काव्य, चित्र, शिल्प, संगीत आणि नृत्य यांना ‘ललित कला’ म्हणून एका तत्त्वाखाली एकत्र आणले आणि त्यांना उपयोगाच्या कलांपासून वेगळे काढले. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७९० मध्ये सौंदर्यानुभवाची जी मीमांसा केली तिच्यातही कला आणि कारागिरी यांच्यात रेषा ओढलेली आहे. मात्र ती रेषा कोठे ओढली आहे हे नीट पाहण्यासारखे आहे. त्यांच्या मते कला ही मुक्त असते, जणू खेळासारखी स्वतःतच आनंद देणारी. कारागिरी हे मोबदल्यासाठी केलेले श्रम असतात आणि मोबदला नसता तर ते कोणी केले नसते. आता हा निकष वाकळीजवळ आण. आजींना वाकळीचे पैसे कोणी दिले नाहीत. मध्यावर नीट बसलेला पिवळा तुकडा उसवून कोपऱ्याकडे नेल्याने ऊब कणभरही वाढणार नव्हती आणि तसे करण्याची सक्तीही नव्हती. ज्या विचारवंतांच्या नावाने ही भिंत उभी आहे, त्यांच्याच शब्दांनी आजींचे ते उसवणे मुक्त कृतीत मोडते. एवढे तुला निबंधात ठामपणे म्हणता येईल.

आपल्याकडे ही विभागणी बऱ्याच अंशी इंग्रजी अमदानीतल्या कलाशिक्षणाबरोबर पक्की झाली. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले. तेथे एकीकडे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन शिकवले जात होते आणि दुसरीकडे याच भूमीतल्या कारागिरीचे, अलंकरणाचे शिक्षणही दिले जात होते. ललित आणि उपयोजित असे विभाग आजही आपल्या महाविद्यालयांत आहेत आणि शिकवण्याच्या सोयीसाठी ते उपयुक्तही आहेत. परंतु अभ्यासक्रमाची सोय आणि वस्तूचे स्वरूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अजिंठ्याचे विहार भिक्षूंच्या निवासासाठी कोरले गेले आणि चैत्यगृहे उपासनेसाठी. चित्रे त्या वापरातल्या जागांच्या भिंतींवर आणि छतांवर आहेत. दान देणाऱ्यांची नावे शिलालेखांतून आपल्यापर्यंत आली, रंगवणाऱ्यांची आली नाहीत. उपयोग आहे म्हणून कला नाही, या नियमाने अजिंठा गमावावा लागतो. आणि जो नियम अजिंठा गमावतो तो मला तरी स्वीकारता येत नाही.

येथे तुला आपल्या परंपरेचा आधार घेण्याचा मोह होईल. वात्स्यायनांनी ‘कामसूत्रा’त दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत गीत, वाद्य, नृत्य आणि आलेख्य म्हणजे चित्रकला यांच्यासोबत तांदूळ व फुलांच्या रचना आहेत, अंथरूण सजवणे आहे आणि सूचीवानकर्म म्हणजे सुईचे कामही आहे. सुईकामाच्या नंतर लगोलग सूत्रक्रीडा आणि मग वीणा व डमरूचे वादन येते, हे वाचून आनंद होतो. या यादीचा उल्लेख अवश्य कर, पण तिला पुरावा मानू नकोस. तिच्यात मेंढे, कोंबडे आणि लावे यांच्या झुंजी लावण्याचाही समावेश आहे. ती यादी नागर जीवनातल्या कौशल्यांची आहे. तुझा निबंध ज्या अर्थाने ‘कला’ म्हणतो त्या अर्थाने तिने कोणालाही प्रमाणपत्र दिलेले नाही. तिच्यावरून एवढेच दिसते की सुई आणि वीणा यांच्यामधली भिंत सर्वकाळ आणि सर्वत्र नव्हती. तेवढे दाखवले तरी पुष्कळ झाले.

शिक्षकांचे दुसरे कारण अधिक अवघड आहे. आजींना काही व्यक्त करायचे नव्हते, असे ते म्हणतात आणि आजीही जवळजवळ तसेच म्हणतात. लिओ टॉलस्टॉय यांनी १८९८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘कला म्हणजे काय’ या ग्रंथात कलेची जी व्याख्या केली ती अशी की माणूस स्वतः अनुभवलेली भावना बाह्य खुणांच्या साहाय्याने जाणीवपूर्वक दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो आणि तिची लागण दुसऱ्याला होते, तेव्हा कला घडते. या व्याख्येचे बळ मोठे आहे. तिच्या आधारेच त्यांनी शेतकरी बायकांच्या गाण्याला खरी कला म्हटले. मात्र त्याच व्याख्येने त्यांनी बीथोव्हेनची नववी सिंफनी बाद केली आणि दोन छोट्या कथा वगळता स्वतःचे सारे ललित लेखन निकृष्ट कलेत जमा केले. आपल्या हातून घडलेल्या थोर कृती व्याख्येपायी नाकारण्याइतका प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण ज्या व्याख्येमुळे असे करावे लागते ती व्याख्या आपण जशीच्या तशी घ्यावी असे मात्र मला वाटत नाही.

आता आजींच्या वाक्याकडे ये. ‘थंडी वाजती म्हणून शिवती’ हे वाक्य ऐकून तू खचलीस, कारण ते तुला निकालासारखे वाटले. ते निकाल नाही. तू त्यांना जो शब्द दिलास तो त्यांच्या कामाचा शब्द नव्हता. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि कामाचे कारण सांगितले. वाकळ का शिवली याचे ते खरे उत्तर आहे. पिवळा तुकडा का हलवला याचे ते उत्तर नाही, कारण तो प्रश्न तू विचारलाच नाहीस. निर्माण करणाऱ्याला आपल्या कृतीला कोणते नाव द्यावे हे ठाऊक असलेच पाहिजे, अशी अट आपण कोणत्याही मोठ्या कलावंताला घालत नाही. ती आजींना घालण्याचे कारण नाही. सुट्टीत गावी जाशील तेव्हा त्यांच्याजवळ बसून त्यांना हातातल्या कामाबद्दल विचार. ही पट्टी येथेच का, हा काठ आडवा का नाही लावला, येथे टाका दाट का झाला, कोणती वाकळ मनासारखी उतरली नाही आणि का. या प्रश्नांना त्या उत्तरे देतील, आणि ती उत्तरे तुझ्या निबंधातला सर्वांत मोलाचा मजकूर ठरतील. ती त्यांच्याच बोलीत लिही. त्यांना प्रमाणभाषेचे कपडे चढवू नकोस.

तुझ्या मित्राच्या म्हणण्याचे उत्तर थोडक्यात देता येते. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशां यांनी १९१७ मध्ये ‘आर. मट’ या नावाने सही केलेले, आडवे ठेवलेले, ‘कारंजे’ असे शीर्षक दिलेले चिनीमातीचे मूत्रपात्र न्यूयॉर्कमधल्या ज्या प्रदर्शनाकडे पाठवले, तेथे परीक्षक मंडळच नव्हते. शुल्क भरणाऱ्या प्रत्येक सभासदाची कृती मांडली जाईल असे जाहीर झाले होते. तरीही ते मांडले गेले नाही. म्हणजे त्या कृतीत वस्तूची निवड होती, तिची दिशा बदलणे होते, नाव देणे होते, आणि सगळे स्वीकारू म्हणणाऱ्यांना ते खरोखर स्वीकारतात का, असे विचारणे होते. यावरून एवढेच म्हणता येते की नुसत्या दिसण्यावरून कोणतीही वस्तू कलाकृती होण्यास अपात्र नाही. प्रत्येक वस्तू कलाकृती असतेच, असे त्यातून निघत नाही. दुकानातली बाकीची मूत्रपात्रे मूत्रपात्रेच राहिली. पुढे १९६४ मध्ये अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या ब्रिलो साबणाच्या खोक्यांसारख्या दिसणाऱ्या पेट्या पाहून अमेरिकन तत्त्वज्ञ आर्थर डॅन्टो यांनी हाच प्रश्न तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडला: दिसायला सारख्या दोन वस्तूंपैकी एक कला आणि दुसरी नाही, हे कशामुळे? त्यांच्या मते तो फरक डोळ्याला दिसत नाही. तो कलेचा इतिहास आणि विचार यांच्या वातावरणात असतो. हे उत्तर द्युशां आणि वॉरहॉल यांच्याबद्दल बरेच सांगते. माणमधल्या वाकळीबद्दल मात्र ते जवळजवळ मुके आहे, कारण ती त्या वातावरणात शिवली गेलेली नाही, आणि तिच्यातला फरक डोळ्याला चांगलाच दिसतो.

तो फरक पाहायला शिकवणारे आपल्याकडचे लेखक म्हणजे बा. सी. मर्ढेकर. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात त्यांनी सौंदर्य म्हणजे लयबद्ध रचना असे मांडले आणि संवाद, विरोध व समतोल ही त्या लयीची तत्त्वे सांगितली. हिरव्या आणि लाल पट्ट्या परस्परांना कोठे साथ देतात, फिकट पिवळा त्यांच्या विरोधात कसा उभा राहतो, तो मध्यावर असताना बाकीचे सगळे त्याच्याभोवती गोळा होत असावे आणि कोपऱ्याकडे गेल्यावर नजर साऱ्या वाकळीवर फिरू लागते, हे या परिभाषेत फार नेमकेपणाने लिहिता येईल. कडेला समांतर चालत आत येणाऱ्या टाक्यांची लय तर मर्ढेकरांच्या विवेचनासाठीच शिवल्यासारखी आहे. तुझे प्रशिक्षण येथे कामाला येईल. हे वर्णन वर्गातल्या इतर कोणापेक्षा तू चांगले करू शकशील.

आणि तरीही मर्ढेकरांजवळ आजोबांच्या धोतराला जागा नाही. ते दिसत नाही, म्हणून लयीत येत नाही. ते आजोबांचे होते ही लौकिक बाब आहे, म्हणून शुद्ध सौंदर्यभावनेत बसत नाही. माझ्या मते तुझ्या निबंधाचा केंद्रबिंदू हाच आहे. सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या ग्रंथात दाखवले आहे की सौंदर्यविषयक विचार दोन ध्रुवांकडे ओढला जातो: एका ध्रुवावर कलेचे विश्व स्वायत्त, अलौकिक मानले जाते, दुसऱ्यावर ते आपल्या नेहमीच्या जगण्याशी, ज्ञानाशी, नीतीशी जोडलेले असते. तुझ्या समोरच्या एकाच वाकळीचा वरचा थर एका ध्रुवाकडे जातो आणि आतला थर दुसऱ्याकडे. धोतर काढून टाकले तर दिसणारी रचना तशीच राहील, पण जिने ती शिवली तिच्यासाठी आणि आता तुझ्यासाठी ती वाकळ तीच राहणार नाही. हे तू कोणाकडून उसने घेतलेले नाहीस, तुझ्या घरातल्या वस्तूने ते तुला दिले आहे, आणि व्यक्तिगत चिंतन म्हणून तुझ्या शिक्षकांना जे हवे आहे ते हेच असणार.

अशी वाकळ जगात एकटी नाही, हेही तुला सांगावेसे वाटते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर ‘जीज् बेंड’ नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्या लोकांचे वंशज तेथे राहतात. थंडीत उघड्या फटींच्या घरांत ऊब मिळावी म्हणून तेथल्या स्त्रिया कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये, पती वारल्यानंतर, त्यांच्या शेतावरच्या कपड्यांची गोधडी शिवली; गुडघ्यांवर विटलेल्या आणि शिवणीखाली गडद राहिलेल्या विजारींचे कापड तिच्यात ओळखू येते. त्यांची आठवण राहावी आणि त्या मायेखाली झोपता यावे म्हणून ती शिवते आहे, असे त्या म्हणाल्याचे त्यांच्या मुलीने पुढे सांगितले. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या वस्तीतल्या गोधड्या भिंतींवर टांगल्या गेल्या, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकांनी त्यांची गणना अमेरिकेत निर्माण झालेल्या आधुनिक कलेतल्या अत्यंत अद्भुत कृतींमध्ये केली. या गोधड्या २००२ मध्ये कला झाल्या असे म्हणणे मला चुकीचे वाटते. त्या जशा होत्या तशाच राहिल्या; पाहणारे उशिरा आले. पण पाहणाऱ्यांबरोबर बाजारही आला, आणि २००७ मध्ये तेथल्या काही स्त्रियांना आपल्या हक्कांसाठी आणि मोबदल्यासाठी दावे दाखल करावे लागले. ते पुढे मिटले, परंतु प्रदर्शनाचा विचार करताना हा भाग तू विसरू नयेस.

आता मी स्वतः काय मानतो ते सांगतो, कारण तू ते विचारलेले नसले तरी इतके तपासल्यावर गप्प राहणे बरे नव्हे. जेथे कोणी गरज भागल्यानंतरही, किंवा गरज भागवता भागवता, वेगळे होऊ शकले असते असे निर्णय लक्षपूर्वक घेतलेले असतात आणि ते निर्णय दुसऱ्याच्या लक्षपूर्वक पाहण्याला, ऐकण्याला पुन्हा पुन्हा उत्तर देत राहतात, तेथे कला आहे असे मी धरतो. ‘गरज भागवता भागवता’ हे मी मुद्दाम म्हटले. कला म्हणजे उपयोगावर वरून घातलेली नक्षी असे मला म्हणायचे नाही. वाकळीचे वजन, अंगाला लागणारा जुन्या लुगड्याचा मऊपणा, हेही आजींचे निर्णय आहेत. माझ्या या समजुतीत उणिवा आहेत. एखादा काळजीपूर्वक स्वयंपाक, उत्तम चालवलेली शेती, यांना ती बाहेर ठेवू शकत नाही, आणि ठेवावे की नाही याबद्दल माझे मन अजून निश्चित नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ मॉरिस वाइट्झ यांनी १९५६ मध्ये लिहिले की कला ही उघडी संकल्पना आहे; नव्या कृती येत राहतात आणि तिच्या कडा सरकत राहतात. मला ते पटते. आणखी एक भेद तुला उपयोगी पडेल: एखादी गोष्ट कला आहे का आणि ती चांगली कला आहे का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. आपल्याकडच्या वादांत ‘कला’ हा शब्द पुष्कळदा शाबासकी म्हणून वापरला जातो, आणि मग तो नाकारला की अपमान झाल्यासारखे वाटते. आजींचा मान या शब्दावर अवलंबून नाही, हे तू मनाशी पक्के केलेस तर निबंध शांतपणे लिहिता येईल.

तुझ्या चित्रांबद्दल. ती वाकळीपुढे निर्जीव वाटतात, याचा अर्थ ती निर्जीव आहेत असा लगेच घेऊ नकोस. आजी कोणासाठी शिवतात हे त्यांना ठाऊक असते आणि तुला बहुधा अजून गुणपत्रिकेसाठी रंगवावे लागते. तिसऱ्या वर्षात असे असणे स्वाभाविक आहे. तथापि एक प्रश्न तू स्वतःच्या प्रत्येक चित्रापुढे विचारून पाहा: यातली कोणती जागा मी उसवून पुन्हा केली, आणि का? ज्या चित्रात अशी एकही जागा सापडणार नाही ते बाजूला ठेव. वाकळीची चित्रे काढायला मात्र इतक्यात लागू नकोस. तिच्या पट्ट्यांचे आकार उचलून कॅनव्हासवर मांडणे सोपे आहे आणि ते आकर्षकही दिसेल, परंतु ते निर्णय तुझे नसतील.

प्रदर्शनात वाकळ मांडावी का, याचे उत्तर प्रथम आजींनी द्यायचे आहे. त्यांना विचारताना नुसते ‘वाकळ नेऊ का’ असे विचारू नकोस. ती कोठे ठेवली जाईल, कोण लोक पाहतील, कोणी हात लावेल का, छायाचित्रे काढली जातील का आणि कोणी विकत मागितली तर काय, हे सगळे त्यांना सांग. धोतराची गोष्ट लोकांना सांगायची की नाही हे स्वतंत्रपणे विचार. ती त्यांच्या दुःखाची खासगी बाब आहे, आणि ती त्यांनी शिवून आत ठेवली आहे हे विसरू नकोस. निबंधातही ती त्यांच्या संमतीनेच यावी. त्या हो म्हणाल्या तर पाटीवर कलावंत म्हणून त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि साहित्य लिही; तुझे नाव मांडणी करणारी म्हणून वेगळे आणि खाली असावे. ‘पारंपरिक गोधडी, माण तालुका’ असे निनावी लेबल कोणत्याही परिस्थितीत लावू देऊ नकोस. भिंतीवर टांगली तर रचना दिसेल पण वजन आणि ऊब नाहीशी होईल. खाटेवर अंथरली तर वापर कळेल पण पूर्ण रचना एका नजरेत येणार नाही. मी असतो तर जमिनीपासून थोड्या उंचीवर सपाट मांडली असती आणि एक कड दुमडून खालची बाजू दाखवली असती, पण शिवण न उसवता. आणि त्या नाही म्हणाल्या तर तो विषय तेथेच संपवावा. निबंधासाठी तुझे वर्णन पुरेसे आहे.

राहिला निबंध. तुझ्याकडे १५०० शब्द आहेत. त्यांतले पहिले ५०० तरी निव्वळ वाकळीच्या वर्णनाला दे. त्यात ‘कला’ हा शब्द येऊ देऊ नकोस. त्यानंतर शिक्षकांचे म्हणणे शक्य तितक्या भक्कम रूपात मांड, ते दुबळे करून मांडलेस तर तुझे उत्तरही दुबळे होईल. मी वर इतकी नावे घेतली ती तुला निवड करता यावी म्हणून. सगळी घेतलीस तर वाकळीला जागा उरणार नाही. मर्ढेकर आणि टॉलस्टॉय यांपैकी एकालाच घे. मला मर्ढेकर अधिक उपयोगी वाटतात, कारण त्यांचे विवेचन वरच्या थरावर उत्तम चालते आणि धोतरापाशी थांबते, आणि ते थांबण्याचे ठिकाण तुला दाखवता येईल. लिहिण्यापूर्वी मूळ ग्रंथातली लयीवरची प्रकरणे स्वतः वाच, माझ्या दोन वाक्यांवर विसंबू नकोस. शेवटी सर्वांना लागू पडेल अशी व्याख्या द्यावी लागते असे समजू नकोस. तुला या एका वस्तूने काय मान्य करायला लावले आणि कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही, एवढे सांगितलेस तरी विषयाला न्याय मिळेल. मसुदा झाला की सादर करण्यापूर्वी तो आजींना वाचून दाखव, आणि वाकळीच्या वर्णनात त्यांनी जेथे जेथे ‘तसं नाही ते’ म्हटले असेल, तेथे दुरुस्ती कर.

तुझा शुभेच्छुक,
सदरलेखक